सूर, झील आणि पाचवा गडी

हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत 'हेल्पर' हा शब्द रोजच्या वापरातला आहे. कारखान्याच्या फाटकावर 'पाहिजेत' अशी पाटी लागते, तीत फिटर, टर्नर, वेल्डर अशी नावे येतात आणि सर्वांत शेवटी हेल्पर येतो. फिटरला काय यावे लागते हे सर्वांना ठाऊक असते. हेल्परला काय यावे लागते हे पाटीवर लिहिलेले नसते, कारण त्याला काही यावे लागत नाही असेच गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात जाणता हेल्पर हाताशी नसला तर कसबी फिटरचाही अर्धा दिवस हत्यारे शोधण्यात जातो, हे अशा कामावर असलेला कोणीही सांगेल.

त्याच हिंगणा रस्त्यावर, वानाडोंगरीच्या आसपास, अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची वसतिगृहे आणि भाड्याच्या खोल्या आहेत. रात्री मेसचे जेवण आटोपले की संगणकावर किंवा मोबाइलवर पाच जणांचा संघ जमतो आणि दुसऱ्या पाच जणांशी लढाई सुरू होते. 'कॅरी' कोण आणि 'मिड' कोण हे भांडून ठरते. 'सपोर्ट' कोण, असा प्रश्न आला की मात्र क्षणभर कोणी बोलत नाही, मग सर्वांत नवख्या मुलाकडे वळून कोणीतरी म्हणतो, "तू घे ना बे सपोर्ट." फाटकावरची पाटी आणि खोलीतले हे वाक्य यांच्या मुळाशी एकच समजूत आहे. साहाय्य करणे हे कौशल्य नव्हे, ते उरलेले काम होय, अशी ती समजूत.

प्रस्तुत लेखात आम्हांस या समजुतीचा इतिहास पाहावयाचा आहे. संगणकीय खेळांतील 'सपोर्ट' या भूमिकेचे आयुष्य उणेपुरे दोन दशकांचे आहे. एखादी साहाय्यक भूमिका जन्मास कशी येते, तिची उपेक्षा कशी होते आणि तिला प्रतिष्ठा कोणत्या मार्गाने मिळते, हे सर्व इतक्या थोड्या काळात आणि इतक्या लख्ख नोंदींसह पाहावयास मिळणे दुर्मीळच. दुसऱ्या बाजूस, हीच भूमिका मराठी परंपरेत फार पूर्वीपासून निरनिराळ्या नावांनी वावरत आली आहे. साहित्याच्या अभ्यासकांना हा खेळ परका वाटण्याचा संभव आहे; परंतु शाहिराच्या मागे उभ्या असलेल्या झीलकऱ्याला जो ओळखतो, त्याला हा पाचवा गडी अनोळखी राहणार नाही.

प्रथम खेळाविषयी. पाच विरुद्ध पाच अशा या लढाईत प्रत्येक संघाच्या ताब्यात नकाशाचा एकेक कोपरा असतो. दोन्ही तळांना जोडणारे तीन रस्ते असतात, त्यांना 'लेन' म्हणतात, आणि त्या रस्त्यांवरून संगणकाने चालविलेले छोटे सैनिक ठरावीक अंतराने पुढे सरकत राहतात. शत्रूच्या सैनिकावर जो शेवटचा घाव घालतो त्याला सोने मिळते. सोन्यातून शस्त्रे येतात आणि शस्त्रांतून बळ. प्रतिपक्षाच्या तळातील मुख्य वास्तू पाडली की विजय. नकाशाचा जो भाग आपल्या कोणाच्याही दृष्टीच्या टप्प्यात नाही, तो अंधारलेला असतो आणि तेथे शत्रू दबा धरून बसलेला असू शकतो. सोने मर्यादित असणे आणि दृष्टी मर्यादित असणे, या दोन उणिवांतून सपोर्टची भूमिका उपजली.

'वॉरक्राफ्ट ३' हा खेळ २००२ साली आला. त्याच्यासोबत नकाशे तयार करण्याचे साधनही खेळाडूंच्या हाती आले. 'स्टारक्राफ्ट' या आधीच्या खेळासाठी एका हौशी खेळाडूने केलेला 'इऑन ऑफ स्ट्राइफ' हा नकाशा लोकांच्या स्मरणात होता. त्या धर्तीवर 'यूल' या टोपणनावाने वावरणाऱ्या एका हौशी रचनाकाराने २००३ मध्ये 'डिफेन्स ऑफ द एन्शंट्स', म्हणजेच 'डोटा', तयार केला. पुढे 'गिन्सू' आणि २००५ पासून 'आइसफ्रॉग' या टोपणनावांच्या व्यक्तींनी त्याच्या आवृत्त्या सांभाळल्या. कोणत्याही कंपनीने हा खेळ बाजारात आणलेला नव्हता. एकाने रचावे, दुसऱ्याने त्यात भर घालावी, तिसऱ्याने दुरुस्त करावे, असा तो लोकवाङ्मयाप्रमाणे हातोहात वाढला.

या नकाशात 'सपोर्ट' असे पद कोणी मुद्दाम निर्माण केलेले नव्हते. इतरांना बरे करणारे किंवा शत्रूस जखडून ठेवणारे नायक त्यात होते. पण अमुक खेळाडूने गरीब राहावे, असा नियम नव्हता. तो निष्कर्ष खेळाडूंनी हिशेबातून काढला. एका लेनवर दोघे उभे राहिले आणि सोने निम्मे-निम्मे वाटून घेतले, तर दोघेही अर्धवट राहतात. एकाने सर्व घेतले आणि दुसऱ्याने सोडून दिले, तर निदान एक तरी वेळेवर समर्थ होतो. म्हणून शेवटचा घाव कोणी घालावयाचा याचा क्रम लावला गेला, आणि डोटाच्या खेळाडूंत १ ते ५ अशा क्रमांकांची परिभाषा रूढ झाली. पहिल्या क्रमांकाचा सोन्यावर पहिला हक्क, पाचव्याचा शेवटचा. भूमिकेला नाव मिळण्याआधी तिला क्रमांक मिळाला आणि तो उतरंडीतला शेवटचा होता, ही गोष्ट आम्हांस लक्षणीय वाटते.

पाचव्याच्या वाट्याला आणखी दोन खर्च आले. दुरून सामान आणून देणारे 'कूरियर' नावाचे जनावर साऱ्या संघाला लागे, ते बहुधा त्यानेच विकत घ्यावयाचे. अंधारात प्रकाश पाडणारे 'वॉर्ड', म्हणजे जमिनीत रोवावयाचे पहारेकरी डोळे, तेही त्यानेच घ्यावयाचे. एक वॉर्ड काही मिनिटांत विझतो, आजच्या 'डोटा २' मध्ये सहा मिनिटांत. मग पुन्हा नवा. अशा रीतीने ज्याच्याकडे सर्वांत कमी सोने, त्याच्याच खिशातून सामायिक खर्च भागे. सामना संपल्यावर जो फलक दिसे त्यावर कोणी किती मारले आणि कोण किती वेळा मेला हे ठळक असे. कोणी किती पाहिले आणि कोणाच्या पाहण्यामुळे कोण वाचला, याला स्तंभ नव्हता. पाच-सहा वेळा मेलेला, कोणालाही न मारलेला, अंगावर जेमतेम चपला असलेला हा खेळाडू फलकावर सर्वांत नालायक दिसे. पराभवाचे खापर फोडावयास त्याच्याइतके सोयीचे डोके दुसरे नव्हते.

यानंतरचे परिवर्तन उपदेशातून आले नाही. ते नियमांतून आणि सामन्यांच्या निकालांतून आले. २००९ च्या ऑक्टोबरात 'लीग ऑफ लेजेंड्स' हा त्याच जातीचा खेळ आला. तेथे युरोपीय संघांनी खालच्या लेनवर कॅरी आणि सपोर्ट अशी जोडी उभी करण्याची रीत पाडली, आणि २०११ च्या पहिल्या जागतिक स्पर्धेच्या सुमारास ती सर्वमान्य झाली. २०१२ च्या अखेरीस वॉर्ड पुन्हा पुन्हा भरून देणारी वस्तू आली, त्यामुळे सपोर्टचा खर्च कमी झाला. २०१३ च्या अखेरीस प्रत्येक खेळाडूस दृष्टीचे एक साधन फुकट मिळू लागले आणि पहाऱ्याचा भार पाचांत वाटला गेला. त्याच वेळी, जोडीदाराचे सोने न हिरावता सपोर्टलाही मिळकत व्हावी, अशा वस्तू आल्या. डोटा २ मध्ये नोव्हेंबर २०१९ पासून प्रत्येकाला स्वतःचा कूरियर मिळाला; पुढे पहाऱ्याचे वॉर्डही विनामूल्य झाले. 'सपोर्टला मान द्या' असे सांगून जे झाले नसते, ते त्याच्या खिशावरचा भार उतरवल्याने झाले.

निकालांची साक्ष याहून बोलकी आहे. २०१४ ची लीगची जागतिक स्पर्धा कोरियाच्या 'सॅमसंग व्हाइट' या संघाने जिंकली. सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला तो संघाच्या 'माता' या टोपणनावाच्या सपोर्टला. तो फार जणांना मारतो म्हणून नव्हे, तर नकाशाच्या ज्या भागात त्याने पहारे रोवले, तो भाग प्रतिपक्षास वापरताच येत नसे म्हणून. डोटा २ च्या 'द इंटरनॅशनल' या स्पर्धेत २०१८ साली 'ओजी' हा संघ उतरला, तेव्हा त्याचे दोन जुने सहकारी काही आठवड्यांपूर्वीच सोडून गेलेले होते आणि संघ खुल्या पात्रता फेरीतून वर आला होता. कर्णधार योहान सुंडस्टाइन, टोपणनाव 'नोटेल', पूर्वी कॅरी खेळत असे. नव्या मांडणीत त्याने स्वतः पाचवा क्रमांक घेतला. त्या संघाने २०१८ आणि २०१९ अशी सलग दोन वर्षे ही स्पर्धा जिंकली. तोपर्यंत ती कोणीही दोनदा जिंकलेली नव्हती. ज्याने सर्वांत कमी सोने घ्यावयाचे त्यानेच संघ चालवावा, हा योगायोग नाही. ज्याचे दोन्ही हात सोने वेचण्यात गुंतलेले नाहीत, त्याचेच डोळे नकाशावर फिरण्यास मोकळे असतात.

येथे प्रश्न उपस्थित होतो की, ही भूमिका उत्तम वठविणे म्हणजे नेमके काय करणे. नवखा सपोर्ट समजतो की कॅरीच्या पाठीशी सतत उभे राहावे आणि वेळ आली की त्याच्याऐवजी मरावे. जाणता सपोर्ट निराळे करतो. लढाई उभी राहणार असेल त्या जागी तो अर्ध्या मिनिटाआधी पहारा रोवून येतो. लढाई सुरू झाल्यावर रोवलेला पहारा फारसा उपयोगाचा नसतो. डोटामध्ये जंगलातील प्राणी दर मिनिटास नव्याने येतात, पण जुने जागेवर असतील तर येत नाहीत. म्हणून मिनिट संपण्यास पाच-सहा सेकंद उरले असता तो जुन्यांना डिवचून जागेवरून हलवतो आणि कॅरीसाठी दुप्पट पीक उभे करून ठेवतो. जवळ उभे राहिल्याने अनुभवाचे गुण वाटले जातात, म्हणून कधी कधी दूर निघून जाणे हीच त्याची मदत असते. प्रतिपक्षाचा एखादा खेळाडू दिसेनासा झाला की तो कोठे असू शकेल याचा अंदाज तो आधी बांधतो आणि इतरांना कळवतो. आपले एकमेव तारक अस्त्र पहिल्या जखमेवर खर्च न करता खऱ्या प्रहाराची वाट पाहणे, हे तर सर्वांत अवघड. कारण त्या दोन सेकंदांत सहकारी त्याच्या नावाने ओरडत असतात. या सर्वांत त्याग आहेच, परंतु तो परिणाम आहे. गाभा आहे तो जाणण्याचा: कोण कोठे आहे, कोणाला काय लागणार आहे आणि किती वेळाने. त्याग अज्ञानानेही करता येतो. साहाय्य तसे करता येत नाही.

आता मराठीकडे वळू. या भूमिकेसाठी आपल्या भाषेने जे शब्द घडविले, त्यांतील बरेचसे शब्द आज शिवीच्या जवळचे आहेत. कोणाची 'री ओढणे' म्हणजे स्वतःची अक्कल न वापरता होकार भरणे. 'टाळकुट्या' म्हणजे निरर्थक आवाज करणारा. 'बाजारबुणगे' हा शब्द लष्कराच्या मागून चालणाऱ्या बिनलढाऊ लोकांसाठी होता. आज तो निव्वळ हिणविण्यासाठी वापरतात. त्या गर्दीत निरुपयोगी माणसे असतीलही; पण दाणावैरण वाहणारे, जनावरे सांभाळणारे, भाकरी भाजणारेही तीतच असत. १७६१ मध्ये पानिपतावर रसद तुटल्यावर लढवय्यांची जी दशा झाली, ती पाहता या लोकांच्या कामाला थोडे बरे नाव मिळावयास हरकत नव्हती. भाषेने मात्र त्या पराभवातून तो धडा घेतला नाही. तिने शिवी तेवढी जतन केली.

'री ओढणे' या वाक्प्रचाराचे मूळ गायनातील साथीत आहे आणि तेथे त्याचा अर्थ हीन नाही. पोवाड्यात शाहीर पुढे असतो आणि झीलकरी मागे. विदर्भातील खडी गंमतीतही शाहिरामागे झील धरणारे साथीदार उभे असतात. शाहिराने चौक म्हणत म्हणत टिपेला न्यावा आणि श्वास सरण्याच्या आत झीलकऱ्याने शेवटचे अक्षर उचलून 'जी जी' करीत स्वर तेथेच तोलून धरावा, अशी ती रीत. त्या चार-सहा क्षणांत शाहीर श्वास घेतो, पुढची ओळ आठवतो, श्रोत्यांचे चेहरे पाहतो. झीलकरी एक मात्रा उशिरा आला तर पोवाड्यात भोक पडते. एक मात्रा आधी आला तर शाहिराचा शब्द झाकला जातो. यासाठी संपूर्ण पोवाडा त्यालाही ठाऊक असावा लागतो. जो 'री ओढतो' त्याला अक्कल लागत नाही, हे म्हणणाऱ्याने कधी झील धरलेली नसावी.

पोवाड्याच्या शेवटी मात्र शाहिराची नाममुद्रा येते. अफझलखानाच्या वधाचा पोवाडा रचणाऱ्या अज्ञानदासाचे नाव साडेतीनशे वर्षांनंतरही आपण घेतो. त्याच्यामागे झील कोणी धरली हे विचारण्याची सोयच नाही. याला एक सुखद अपवाद 'होनाजी बाळा' हा आहे. होनाजी शिलारखाने हा कवी आणि बाळा कारंजकर हा त्याचा गोड गळ्याचा साथीदार, अशी ही दोन माणसे. त्यांच्या फडाने दोघांची नावे जोडून घेतली. पुढे असे झाले की, पुष्कळांना ते एकाच माणसाचे नाव वाटू लागले. वर्गात हा प्रश्न विचारून पाहावा. बाळा म्हणजे होनाजीचे वडील किंवा आडनाव असे उत्तर येण्याची शक्यता बरीच आहे. साथीदाराला नाव मिळाले, आणि त्या नावातच तो हरवला.

खेळांच्या बाबतीत मराठी परंपरा अधिक उदार दिसते. तुकारामांच्या गाथेत हुतूतू, विटीदांडू, टिपरी, फुगडी या खेळांवरचे अभंग आहेत. खेळाकडे पाहून जगण्याविषयी बोलणे आपल्याकडे नवे नाही. आमच्या विषयाला सर्वांत जवळचा खेळ मात्र आट्यापाट्या, जो विदर्भात, विशेषतः नागपुरात, संघटित स्वरूपात टिकून राहिला. यात आडव्या पाट्यांवर एकेक गडी उभा असतो आणि प्रतिपक्षाला हुलकावण्या देत त्या ओलांडून जावयाचे असते. आडव्या पाट्यांवरील गड्याला आपली पाटी सोडता येत नाही. त्या सर्व पाट्यांना मधोमध छेदणारी उभी पाटी म्हणजे सूरपाटी, आणि तिच्यावरून धावणारा तो सूर. त्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत जाता येते. पाटीवरचा गडी आणि सूर यांनी मिळून समोरच्याला चौकोनात अडकविले की 'कोंडी' होते. कोंडी एकट्याने होत नाही. सुराला प्रत्येक पाटीवर काय चालले आहे याचे अवधान ठेवावे लागते आणि ज्या पाटीवर त्याची गरज पडणार तिकडे गरज पडण्याआधी निघावे लागते. पाचव्या क्रमांकाच्या खेळाडूचे काम याहून निराळे काय आहे? त्या गड्याला आपल्या पूर्वजांनी 'हेल्पर' म्हटले नाही. ज्याच्या आधाराने बाकीचे स्वर लागतात त्या सुराचे नाव त्याला आहे, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. मग त्या शब्दाची व्युत्पत्ती काहीही असो.

इतिहासाच्या स्मरणात ही दुविधा अधिक ठळक होते. जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना शिवाजी महाराज सुखरूप पोहोचावेत म्हणून बाजीप्रभू देशपांडे घोडखिंडीत उभे राहिले आणि पडले. मराठी मनात साहाय्यकाची प्रतिमा ती हीच. पोवाडे, नाटके, शाळेतील धडे यांनी ती पिढ्यानपिढ्या जिवंत ठेवली, आणि तिच्या थोरवीविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु त्याच राज्यात बहिर्जी नाईकही होता. सभासदाची बखर १६९७ च्या सुमाराची. सुरतेची खबर आणणारा जासूद म्हणून त्याचे नाव तीत येते. १६६४ ची सुरतेची स्वारी होण्यापूर्वी तेथे काय आहे हे कोणीतरी पाहून आलेले होते. अंधारात पहारा रोवून येणाऱ्याचे हे काम. बहिर्जीविषयी कथा-कादंबऱ्यांत पुष्कळ आले, तरी बखरींतील त्याचा वाटा काही ओळींचा. हे काही अंशी त्याच्या कामाचेच यश आहे. जासुदाची नोंद जितकी कमी, तितका तो चांगला. पण परिणाम असा झाला की, साहाय्यक म्हटला की आपल्याला खिंडीतले मरण आठवते, सुरतेच्या गल्ल्यांतले पाहणे आठवत नाही. आपण मेलेल्या साहाय्यकाला देव्हाऱ्यात बसवितो आणि जिवंत साहाय्यकाला 'री ओढणारा' म्हणतो. या दोहोंच्या मध्ये जाणत्या, रोज उठून काम करणाऱ्या, न मरणाऱ्या साहाय्यकासाठी जागा फार थोडी उरते. हिंगण्याच्या खोलीतला नवखा मुलगा कॅरीसमोर उडी घेऊन मरतो आणि आपण सपोर्ट चांगला खेळलो असे मानतो, तेव्हा तो हाच संस्कार गिरवीत असतो.

आपल्या वाङ्मयात या जागेवर हक्क सांगणारे एक पुस्तक आहे, आणि ते एका स्त्रीचे आहे हे स्वाभाविक होय. कारण साहाय्य हे जिच्या जन्मालाच चिकटविले गेले ती स्त्रीच. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात भागशः प्रसिद्ध झाली. रेव्हरंड टिळकांच्या चरित्रासाठी आठवणी लिहाव्यात अशा निमित्तातून आलेले हे लेखन. ते वाचताना पहिल्या काही पानांतच कळते की, या संसारात कोण कोठे आहे, पैसे किती उरले आहेत आणि पुढची आपत्ती कोणत्या दारातून येणार आहे, याचे अवधान एकाच व्यक्तीला होते. टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य १९१९ मध्ये त्यांच्या निधनाने अपुरे राहिले, आणि त्याचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचला. ज्या बाईंचे औपचारिक शिक्षण झालेले नव्हते, त्यांना ते कसे जमले? झील धरणाऱ्याला सारा पोवाडा ठाऊक असतो, हेच त्याचे उत्तर.

खेळाच्या इतिहासाची अलीकडची पाने मात्र आम्हांस पूर्ण समाधान देत नाहीत. दृष्टी राखण्यालाही आता गुण आहेत. लीगमध्ये २०१७ च्या सुमारास 'व्हिजन स्कोअर' नावाचा आकडा फलकावर आला. उपेक्षिताची मोजदाद झाली ही चांगलीच गोष्ट. पण मोजदाद आली की मोजदादीसाठी काम करणारेही येतात. कोणाच्याही उपयोगी न पडणारे पहारे रोवून आकडा फुगविणारा सपोर्ट आता पाहावयास मिळतो. वेळेवर दूर निघून जाणे, अस्त्र दोन सेकंद राखून ठेवणे, हरत असलेल्या सहकाऱ्याशी नीट बोलणे, यांना अजूनही स्तंभ नाही आणि बहुधा तो असूही शकत नाही. त्याचप्रमाणे मुली खेळावयास आल्या की त्यांना न विचारता सपोर्ट देण्याची प्रवृत्तीही गेलेली नाही. भूमिकेचा मान वाढला, तरी ती कोणावर लादली जाते हा प्रश्न उरतोच.

आपल्या देशात या खेळांची वाट वळणावळणाची आहे. 'मोबाइल लेजेंड्स' वर जून २०२० मध्ये आणि चौघांच्या संघाने खेळावयाच्या 'पब्जी मोबाइल' वर त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बंदी आली. ऑगस्ट २०२२ मध्ये बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल ई-क्रीडा स्पर्धेत भारताच्या डोटा २ संघाने कांस्यपदक मिळविले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-क्रीडेला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली, आणि २०२३ मध्ये हांगझौच्या आशियाई स्पर्धांत हे खेळ पदकांसह खेळले गेले. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालताना ई-क्रीडा वेगळी काढून मान्य केली. म्हणजे ज्याला घरी 'वेळेचा नाश' म्हणतात, त्यातून उद्या एखाद्या मुलाला उपजीविका मिळू शकेल. तेव्हा संघात निवड करणारे त्याला काय विचारतील? किती मारलेस, एवढेच विचारले, तर या वीस वर्षांच्या इतिहासातून आपण काही शिकलो नाही असे म्हणावे लागेल.

आणि हा प्रश्न खेळापुरता नाही. वानाडोंगरीच्या खोल्यांतील ही मुले काही वर्षांनी कोणत्या तरी कारखान्यात किंवा कार्यालयात अधिकारी होऊन बसतील, कदाचित त्याच हिंगण्याच्या वसाहतीत. तेव्हा 'पाहिजेत' ची पाटी लिहिण्याचे काम त्यांच्याकडे येईल. रात्री उशिरा, हरत आलेला सामना पाचव्या गड्याच्या एका वेळेवर रोवलेल्या पहाऱ्यामुळे फिरला, हे ज्याने एकदा पाहिले आहे, त्याने हेल्पर या शब्दापुढे त्याला काय काय यावे लागते हेही लिहावे, एवढी अपेक्षा करण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.